बंदुकीची माशी

माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त गेली बारा वर्षे जपानात आहे. त्याचा मुलगा आता वीस वर्षांचा झाला. मराठी तो आईच्या तोंडून शिकला, त्यामुळे त्याचे पत्र मोठे गोड आणि किंचित वाकडे असते. पत्र म्हणावयाचे ते सवयीने. खरे पाहता तो मोबाईलवर आलेला मजकूर असतो. गेल्या श्रावणात त्याने मला विचारले, "आजोबा, मी एक एअरसॉफ्ट रायफल घेतली आहे. तिच्यावर लोखंडी साइट कोणत्या बसवू आणि कुठे बसवू? दुकानात पाचसहा प्रकार आहेत. तुम्ही इतिहास शिकवीत होता, आणि शाळेत मुलांना नेम धरावयासही शिकवीत होता, म्हणून विचारतो."

एअरसॉफ्ट हा शब्द आपणांपैकी कित्येकांस नवा असेल. हे एक खेळणे होय, पण मोठ्यांचे. दिसावयास हुबेहूब लष्करी रायफल. आत मात्र दारू नाही, काडतूस नाही. विजेच्या मोटारीने अथवा दाबलेल्या वायूने सहा मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोळी तीतून सुटते. जपानी कायद्याने २००६ सालापासून या गोळीच्या जोरास मर्यादा घातली आहे. सहा मिलिमीटरच्या गोळीस ती ०.९८ जूल इतकी पडते. गोळी ०.२० ग्रॅम वजनाची धरली तर तिचा वेग सेकंदास सुमारे ९९ मीटर होतो. डोळ्यास लागली तर डोळा जाईल, अंगास लागली तर वळ उठेल. म्हणून खेळणारे चष्मे व मुखवटे लावून रानात दोन पक्ष करतात आणि एकमेकांवर गोळ्या झाडतात.

प्रश्न खेळण्याचा असला तरी मला तो हसण्यावारी नेता आला नाही. बंदुकीच्या नळीवरील ते दोन लहानसे लोखंडी तुकडे माझ्या मनात निराळ्याच कारणाने रुतून बसले आहेत. ते कारण पुढे येईलच.

प्रथम शब्दांविषयी दोन शब्द. नळीच्या तोंडाशी जो इवलासा उंचवटा असतो त्यास आपल्याकडे 'माशी' म्हणत आले. नळीवर माशी बसल्यासारखी दिसते म्हणून हे नाव. याहून चांगले नाव कोणत्याही भाषेने शोधले असेल असे मला वाटत नाही. मागे, डोळ्याजवळ, जी खाच असते ती 'दीदबान'. हा शब्द फारसी आहे. दीद म्हणजे दृष्टी, आणि दीदबान म्हणजे पाहारेकरी, टेहळ्या. नळीच्या मागील टोकास एक पाहारेकरी बसला आहे आणि पुढील टोकास माशी. पाहारेकऱ्याच्या खिडकीतून ती माशी लक्ष्यावर बसलेली दिसली की चाप ओढावयाचा, एवढेच नेमबाजीचे सारे शास्त्र. जुन्या मराठीत याच कृतीस 'शिस्त धरणे' म्हणत. आज शिस्त म्हणजे रांगेत उभे राहणे एवढेच आपण समजतो.

जपानी भाषेतही अशीच गंमत आहे. पोर्तुगीज प्रवाशांबरोबर १५४३ साली तानेगाशिमा बेटावर तोड्याची बंदूक उतरली. बेटाच्या तरुण सरदाराने दोन बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या लोहारांकरवी त्यांच्या नकला करविल्या. पुढे तीसबत्तीस वर्षांतच, १५७५ साली नागाशिनोच्या लढाईत, या बंदुकांनी घोडदळाचा चक्काचूर केला. या जपानी बंदुकीस खांद्यास टेकावयाचा दस्ता नसे. ती गालाशी धरून झाडीत. मात्र माशी आणि दीदबान तीवर व्यवस्थित असत. पुढच्यास 'साकिमेआते' आणि मागच्यास 'मोतोमेआते' म्हणत. 'मेआते' या शब्दाचा आजच्या जपानी भाषेतील अर्थ आहे उद्देश, हेतू. आपल्या 'नेम' शब्दात व्रत आणि लक्ष्य असे दोन अर्थ नांदतात, तसेच हे.

आपल्याकडील तोडेदार बंदुकाही या बाबतीत मागे नव्हत्या. मोगली बनावटीच्या कित्येक बंदुकांच्या नळीचे तोंड वाघाच्या जबड्यासारखे घडविलेले आढळते. त्यावर माशी, आणि मागे खाचेचा दीदबान. अकबर बादशहा स्वतः बंदुकीचा मोठा षोकी होता. आपल्या आवडत्या बंदुकीचे नाव त्याने 'संग्राम' असे ठेविले होते. १५६८ च्या फेब्रुवारीत चितोडच्या वेढ्यात रात्रीच्या वेळी तटाला पडलेले भगदाड बुजवून घेत असलेल्या जयमल राठोडास त्याने याच बंदुकीने टिपले, असे अबुल फजल लिहितो. ज्याच्यापाशी वेळ आहे, ज्याची बंदूक त्याच्या स्वतःच्या मालकीची आहे आणि ज्यास एकच माणूस मारावयाचा आहे, त्यास माशी लागते. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढील दीडशेदोनशे वर्षांचा इतिहास याच्या अगदी उलट आहे.

अठराव्या शतकात इंग्रजी पायदळाच्या हाती जी 'ब्राऊन बेस' नावाची चकमकीची बंदूक होती, तीवर दीदबान नव्हताच. पुढे एक लोखंडी खुंटी असे, परंतु ती संगीन अडकविण्यासाठी. तीस कोणी माशी समजून वापरील तर वापरो. कंपनी सरकारच्या देशी पलटणी याच बंदुकीने लढल्या. सैनिकाने नेम धरावा अशी अपेक्षाच नव्हती. रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहावे, हुकूम होताच बंदूक समोर करावी आणि सर्वांनी मिळून बार काढावा. नळी आतून गुळगुळीत, गोळी नळीपेक्षा लहान, म्हणून ती आत आपटत आपटत बाहेर पडे. शंभर यार्डांपलीकडे ती कोठे जाईल हे झाडणाऱ्यास सांगता येत नसे. अशा बंदुकीवर उत्तम दीदबान बसविणे म्हणजे आंधळ्यास आरसा देणे होय.

नळीच्या आत नागमोडी चर पाडले म्हणजे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व सरळ जाते, हे शिकाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु अशी बंदूक भरावयास फार वेळ लागे. फ्रेंच सेनाधिकारी मिनिये याच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या गोळीने ही अडचण दूर केली. गोळी आत सहज जाई, आणि दारू पेटल्यावर तिचा बुडखा फुगून चरांत घट्ट बसे. या तत्त्वावर इंग्रजांनी १८५३ सालची एन्फील्ड रायफल केली. आता गोळी आठनऊशे यार्ड जाऊ लागली. पण एवढ्या अंतरावर ती सरळ रेषेत थोडीच जाते? ती कमानीने जाते. जितके लक्ष्य लांब, तितकी नळी वर उचलावयास हवी. म्हणून या रायफलीच्या दीदबानास शिडी आली. चारशे यार्डांपर्यंत पायऱ्या, आणि त्यापुढे उभी पट्टी, तीवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा. सरकती खाच हव्या त्या खुणेवर आणून ठेवावयाची. मागची खाच उंच झाली की ती माशीशी जुळविण्यासाठी नळीचे तोंड आपोआप वर उचलले जाते. इतके साधे, इतके चतुर.

या शिडीचा एक परिणाम कोणी फारसा बोलून दाखवीत नाही. साध्या शिपायास आता अंतर अजमावावे लागू लागले. समोरचा मनुष्य तीनशे यार्डांवर आहे की पाचशे, हे ठरविणे त्याच्याकडे आले. इंग्रजांनी हाइथ येथे १८५३ साली यासाठी खास शाळा काढली. हिंदुस्थानात १८५७ च्या आरंभी डमडम, अंबाला आणि सियालकोट या तीन ठिकाणी देशी पलटणींतील निवडक शिपाई हीच विद्या शिकण्यासाठी बोलाविण्यात आले. पुढे काय झाले हे आपण जाणतोच. काडतुसांच्या चरबीचा वृत्तांत प्रत्येक शालेय पुस्तकात आहे, आणि मी तो पस्तीस वर्षे शिकविला.

परंतु पुस्तकात जे नाही ते सांगतो. बंड शमल्यावर सरकारपुढे प्रश्न उभा राहिला, की देशी शिपायांच्या हाती आता कोणती बंदूक द्यावी? उत्तर मोठे विलक्षण आहे. त्यांनी एन्फील्डच ठेविली, तेच लाकूड, तीच बंधने. पण नळीतील चर काढून टाकून ती आतून रुंद व गुळगुळीत करविली, आणि नळीवरची शिडी काढून तिच्या जागी एक मुका, न हलणारा खाचेचा ठोकळा बसविला. १८५८ सालचा नमुना तो हाच. नळी पोखरल्यामुळे तिच्या भिंती पातळ झाल्या, त्या फुगू लागल्या, म्हणून लगेच १८५९ सालचा नमुना निघाला. त्यात नळी जाड केली, पण शिडी परत आली नाही. दुरून पाहणाऱ्यास गोऱ्या शिपायाची आणि काळ्या शिपायाची बंदूक सारखीच दिसावी. जवळून पाहिले तर एकीस दृष्टी आहे आणि दुसरीस नाही.

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. शस्त्र काढून घेणे मी समजू शकतो. विजेता ते करीतच आला आहे. १५८८ साली हिदेयोशीने जपानी शेतकऱ्यांच्या तलवारी व बंदुका गोळा केल्या. परंतु शस्त्र हाती ठेवून त्यातील नेम तेवढा काढून घेणे, आणि तरी त्याच हातांनी आपले राज्य राखवून घेणे, यात जो हिशेब आहे तो थंडपणाने केलेला आहे. तू आमच्यासाठी बंदूक झाड. कोठे झाडावयाची ते आम्ही पाहू. हा हिशेब पुढेही चालू राहिला. गोऱ्यांना मागून भरावयाची स्नायडर मिळाली तेव्हा देशी पलटणींना जुनी एन्फील्ड मिळाली, त्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा आमच्यांना स्नायडर, त्यांना पेटीची.३०३ मिळाली तेव्हा आमच्यांना मार्टिनी. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौज मार्सेल्स बंदरात उतरली, तेव्हा जर्मनांशी गाठ असल्यामुळे तिला तेथे नव्या रायफली देण्यात आल्या. नव्या गोळीची कमान निराळी असल्याने दीदबानावरील जुन्या खुणा निरुपयोगी झाल्या होत्या. ज्या शिपायाने आपल्या रायफलीच्या खुणा वर्षानुवर्षे पाठ केल्या, त्याने थोड्याच दिवसांत नवी रायफल हाती घेऊन खंदकात उतरावयाचे होते.

माशीची जागा चुकली म्हणजे काय होते, याचा धडा मात्र इंग्रजांना स्वतःच्याच घरी मिळाला. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी युद्ध जुंपले. बोअर शेतकरी लहानपणापासून बंदूक चालविणारे, हाती जर्मन मॉझर. इंग्रजांचे पराभव होऊ लागले, तेव्हा वर्षाअखेर 'इंपीरियल येओमनरी' नावाची स्वयंसेवक घोडेस्वारांची फौज उभारण्यात आली. तिला ज्या ली-एन्फील्ड रायफली दिल्या, त्या पाचशे यार्डांवर अठरा इंच उजवीकडे मारतात असे आढळून आले. साइट बसविताना जागा चुकली होती.

आता श्रोतेहो, मला थोडा वेळ गणिताचा तास घेऊ द्या. पाचशे यार्ड म्हणजे अठरा हजार इंच. अठरा हजारांत अठरा, म्हणजे हजारास एक. रायफलीवर माशी व दीदबान यांमध्ये अंतर सुमारे दोन फूट. दोन फुटांचा हजारावा भाग किती? अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. म्हणजे नखाच्या जाडीइतकी चूक कारखान्यात झाली, आणि पाचशे यार्डांवर छातीवर धरलेली गोळी माणसाच्या शेजारून निघून गेली. मनुष्याच्या खांद्यांची रुंदी तरी अठरा इंचांहून कितीशी अधिक असते? तो स्वयंसेवक काय समजला असेल? तो समजला असेल की आपला हात थरथरला.

येथे मला माझी गोष्ट सांगणे भाग आहे. सुमारे १९८८ सालची. मी ज्या शाळेत होतो तेथील एन. सी. सी. पथकास मी कवायत व नेमबाजी यांत मदत करीत असे. पॉइंट टूटूची रायफल, पंचवीस यार्डांवर कागदी लक्ष्य, पोटावर पालथे पडून पाच गोळ्या. आंतरशालेय स्पर्धेसाठी चार मुले निवडावयाची होती. एक मुलगा, त्याचे नाव सांगत नाही, अतिशय शांत हाताचा. त्याचे वडील गिरणीत होते. त्या दिवशी त्याच्या पाचही गोळ्या लक्ष्याच्या डावीकडे, खालच्या कोपऱ्यात गेल्या. मी त्यास सर्वांदेखत म्हणालो, "चाप ओढतोस की बैल?" मुले हसली. त्याचे नाव मी यादीतून काढले. तो काही बोलला नाही. रायफल नीट पुसून त्याने जागेवर ठेविली.

तीन आठवड्यांनी तीच रायफल दुसऱ्या एका मुलाच्या हाती आली आणि त्याच्याही गोळ्या त्याच कोपऱ्यात गेल्या. तेव्हा मी रायफल उजेडात धरून पाहिली. कोठेतरी ने-आण करताना ती आपटली होती आणि माशी आपल्या खाचेत उजवीकडे सरकली होती. तिच्या बुडाशी पितळ घासल्यासारखी चकाकी दिसत होती. पहिल्या मुलाच्या पाच गोळ्यांचा तो कागद मी टाकून दिला नव्हता. तो काढून पाहिला. पाचही छिद्रे एका रुपयाखाली झाकता येतील इतकी जवळ जवळ होती. ज्याचा हात हलतो त्याच्या गोळ्या पसरतात. ज्याची माशी हलते त्याच्या गोळ्या एकत्र, पण भलतीकडे जातात. हे मी स्वतःच फळ्यावर आकृती काढून शिकवीत होतो, आणि कागद हाती असता मला ते दिसले नाही. स्पर्धा होऊन गेली होती. मी त्या मुलास बोलावून तो कागद दाखविला आणि चूक माझी होती असे सांगितले. तो म्हणाला, "असू द्या सर." पुढच्या वर्षी त्याने एन. सी. सी. सोडली.

असो. इतिहासाकडे वळू.

बोअर युद्धानंतर इंग्रजांनी रायफल आखूड केली. १९०३ पासून आलेल्या या आखूड ली-एन्फील्डवर माशीच्या दोहों बाजूंस संरक्षक कान बसविले, म्हणजे आपटून ती सरकू नये. दीदबानास डावीउजवीकडे सरकविण्याचा स्क्रू दिला. हीच ती आपली प्रसिद्ध थ्री-नॉट-थ्री. ती बंगालमध्ये ईशापूर येथे तयार होत असे, आणि २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला तेव्हाही आपल्या कित्येक पोलिसांच्या हाती तीच होती. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या रायफलींवर आणखी एक अजब वस्तू असे. डाव्या अंगास एक तबकडी, जिच्यावर दोन हजार आठशे यार्डांपर्यंतच्या खुणा. म्हणजे दीड मैलाहून अधिक. एवढ्या अंतरावर माणूस दिसत नाही. साऱ्या पलटणीने मिळून गोळ्यांचा पाऊस पाडावा अशी कल्पना. खंदकांच्या लढाईने ती कल्पना निकालात काढली आणि १९१६ च्या सुमारास तबकडीही गेली.

त्याहून महत्त्वाचा वाद होता तो खाच की छिद्र हा. खाचेच्या दीदबानात डोळ्यास तीन गोष्टी एकदम पाहाव्या लागतात: जवळची खाच, मधली माशी आणि दूरचे लक्ष्य. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. म्हणून खाच डोळ्यापासून जितकी दूर तितकी बरी. आखूड ली-एन्फील्डवर ती पार पुढे, नळीवर होती, आणि त्यामुळे खाच व माशी यांतील अंतर जेमतेम साडेएकोणीस इंच उरले. छिद्राचे तसे नाही. लहान वाटोळे छिद्र डोळ्याच्या अगदी जवळ असले तरी चालते. त्याकडे पाहावयाचेच नसते, त्यातून पाहावयाचे असते. वर्तुळाचा मध्य डोळा आपोआप शोधतो, आणि लहान छिद्रातून पुढचे व मागचे दोन्ही अधिक स्पष्ट दिसते. साठी उलटलेल्या ज्या गृहस्थांनी चष्मा विसरल्यावर मुठीच्या फटीतून वर्तमानपत्र वाचून पाहिले असेल, त्यांना हे सांगावयास नको. इंग्रजांच्या १९१४ च्या नमुन्याच्या रायफलीत दीदबान छिद्राचा करून पार मागे, डोळ्याजवळ आणला, तेव्हा दोहोंतील अंतर जवळजवळ बत्तीस इंच झाले. दुसऱ्या महायुद्धातील 'नंबर चार' रायफलीवरही छिद्रच आले. युद्धाच्या घाईत तर एल आकाराचा एक पत्रा, एका अंगास तीनशे यार्डांचे छिद्र व तो उलटविला की सहाशेचे, एवढ्यावर भागविले. उणीव एकच, तिन्हीसांजेस लहान छिद्र अंधारते.

यानंतर अमेरिकनांची एम-सोळा आली. तिचा दस्ता नळीच्या सरळ रेषेत असल्याने गाल टेकविला तर डोळा नळीच्या बराच वर राहतो. म्हणून तिच्या साइट उंच बसविल्या, नळीच्या मध्यापासून सुमारे अडीच इंच. छिद्राचा दीदबान उचलण्याच्या मुठीवर, माशी पुढे त्रिकोणी खांबावर. १९९५ साली अमेरिकन लष्कराने रायफलीच्या पाठीवर बसवावयाच्या दातेरी पट्टीचे माप ठरवून दिले, तेव्हापासून साइट रायफलीस जन्मतः चिकटलेल्या राहिल्या नाहीत. हव्या त्या घ्या, हव्या त्या दातावर आवळा. माझ्या नातवाचा प्रश्न या पट्टीतून निघाला होता.

आणि त्याचे खेळणे जपानातून का निघाले तेही सांगितले पाहिजे. १९५८ च्या कायद्याने तेथे सामान्य माणसास पिस्तूल बाळगणे जवळजवळ अशक्य झाले. लोकांनी धातूची नकली पिस्तुले केली. १९७१ मध्ये सरकारने त्यांची नळी बुजविण्यास आणि त्यांना पिवळा अथवा पांढरा रंग देण्यास लाविले. मग प्लॅस्टिकची गोळी झाडणारी हलकी खेळणी पुढे आली. १९९१ साली तोक्यो मारुई या कंपनीने फ्रेंच फामास रायफलीच्या रूपात विजेवर चालणारी पहिली बंदूक बाजारात आणिली, आणि खेळ जगभर पसरला. १८५८ च्या शिपायापाशी खरी बंदूक होती व नेम नव्हता; या मुलांपाशी खोटी बंदूक आहे आणि तिच्यावर सुयांइतक्या बारीक फिरकीचे दीदबान आहेत. मला याचे हसूही येते आणि दुसरेही काही वाटते.

नातवास मी जे कळविले ते येणेप्रमाणे. तुझी रायफल आखूड एम-फोरच्या नमुन्याची. तिच्या अस्सल जातीत माशी व दीदबान यांत ३६८ मिलिमीटर अंतर असते. तुझी माशी एक मिलिमीटर चुकली तर साधारण ३७ मीटरांवर गोळी दहा सेंटिमीटर चुकेल. लांब रायफलीप्रमाणे हे अंतर ५०० मिलिमीटर केलेस तर तीच चूक साडेसात सेंटिमीटरांवर येईल. परंतु तुझी प्लॅस्टिकची गोळी एवढ्या अंतरावर वाऱ्याने व स्वतःच्या गुणाने याहून अधिक भरकटते, म्हणून अंतर वाढविण्याच्या हव्यासाने माशी लवचीक प्लॅस्टिकच्या पकडीच्या टोकास लावू नकोस. जेथे ती हलणार नाही तेथे लाव; चार बोटे मागे आली तरी चालेल. दीदबान मात्र पट्टीवर शक्य तितका मागे घे, आणि छिद्राचाच घे, मोठ्या छिद्राचा, कारण तू रानात धावणार, झाडाखालच्या सावलीत पाहणार. दोन्ही एकाच उंचीच्या जोडीतले असावेत. काही माशा पट्टीवर बसविण्यासाठी असतात व काही पट्टीहून खालच्या ठोकळ्यावर. दुसऱ्या जातीची अधिक उंच असते. ती चुकून पट्टीवर लावलीस तर साऱ्या गोळ्या जमिनीत जातील. मुखवटा घालून दुकानात जा. मुखवट्याने गाल दस्त्यास टेकत नाही. तसा डोळा छिद्राशी येतो का ते तेथेच पाहा. न आला तर उंच जोडी घे. दुकानदार हसला तर हसू दे.

आणखी एक. तुझ्या बंदुकीत नळीवर रबराचा उंचवटा असतो, जो गोळीस उलटी फिरकी देतो व ती अधिक लांब, सपाट नेतो. ती फिरकी आधी जुळव, ज्या वजनाची गोळी खेळात वापरणार तीच घालून. मग पंचवीसतीस मीटरांवर कागद लाव, बंदूक टेकवून दहा गोळ्या झाड, आणि दहाही छिद्रे पाहिल्याशिवाय कोणत्याही स्क्रूस हात लावू नकोस. नळी दृष्टिरेषेच्या अडीच इंच खाली असल्याने अगदी जवळच्या झाडामागे लपलेल्या गड्यावर गोळी थोडी खाली लागेल. तेथे साइट बिघडली असे समजू नकोस. दीदबान सरकवावयाचा तो गोळी जिकडे जावी असे वाटते तिकडे. माशी सरकवावयाची ती त्याच्या उलट.

आठ दिवसांनी त्याचे उत्तर आले. सोबत कागदाचे छायाचित्र होते. दहा छिद्रे, सहा इंचांच्या घेरात, सारी मध्याच्या वर. खाली लिहिले होते, "आजोबा, माशी वर केली की गोळी वर जाईल असे वाटून मी आधी ती वर केली, तर गोळ्या कागदाखालच्या खोक्यात गेल्या. मग उलट, म्हणजे खाली फिरविली. आता जरा जास्त झाली. किती फेरे मागे घेऊ?"